साठ गेल्या, एकशे चाळीस आल्या

दुकानातून,
६ जानेवारी

व्याहीबुवांना विहीणबाईंचा नमस्कार.

फोनच करणार होते, पण लग्न झाल्या झाल्या पोरांनी आपल्या दोघांना घालून दिलेला नियम आठवला. घरचं फोनवर, धंद्याचं कागदावर. कमिशनवरून झालेल्या आपल्या त्या पहिल्या फोननंतर माझा लेक आणि तुमची लेक आठवडाभर एकमेकांशी नीट बोलत नव्हते. तेव्हा कागद.

आधी अभिनंदन करते. तुमच्या नळदुरुस्तीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती मिळाली. पानं तेवढीच, चित्रं तीच, एकोणचाळिसाव्या पानावरची तोटी अजून उलटीच. बदल फक्त मागच्या पुठ्ठ्यावर. तिथे तीनशे होते, आता चारशे ऐंशी आहेत. पुस्तकाला एवढं तेज कशानं चढलं ते शोधायला मी दोनदा पानं मोजली.

काल एक गृहस्थ आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली. पुस्तक घेऊन स्टुलावर बसले आणि पंचवीस मिनिटं मन लावून वाचलं. चष्मा विसरले होते, माझा मागून घेतला. मग मुखपृष्ठाचा फोटो काढला, फोनमध्ये बोट फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, मोठ्या दुकानात हेच दोनशे अठ्ठ्याऐंशीला आहे. उद्या घरपोच. तुम्ही कितीला द्याल?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, पंचवीस टक्के कमिशन धरून मलाच ते तीनशे साठला पडतं. त्यांनी इतक्या कळवळ्यानं माझ्याकडे पाहिलं! म्हणाले, "अहो, तुम्हाला कुणीतरी फसवतंय." मी म्हटलं, "फसवत नाहीत हो. व्याही आहेत."

तर व्याही, ही किंमत ठरवतं कोण, आणि ठरवताना माझं दुकान त्याच्या डोक्यात असतं का, एवढंच विचारायचं होतं. कारण आमचा जागेचा करार ३१ मेला संपतोय. मालकाला नवा करार पुरा पाच वर्षांचा हवाय. मध्येच दुकान बंद पडलं तरी भाडं पाचही वर्षांचं द्यायचं. एकतीस वर्षांत माझे गुडघे झिजले, म्हणून हा करार सुनेच्या, म्हणजे तुमच्या लेकीच्या नावावर करायचा असं आम्ही ठरवलंय. तिला दुकान हवंय. पण मी घेते त्याहून स्वस्त माझं गिऱ्हाईक घेणार असेल, तर तिनं कशाच्या जोरावर सही करायची, ते जाणत्या माणसानं सांगावं.

लोभ आहेच, कमिशनचं तेवढं बघा.

आपली विहीण

&nbsp;

कार्यालयातून,
१५ जानेवारी

विहीणबाईंस सादर नमस्कार.

एकतीस वर्षं पुस्तकं विकल्यावर तुम्ही मला किंमत कशी ठरते ते विचारता, याचं मला कौतुक वाटलं. शिकायची हौस हवी माणसाला.

नीट समजावून सांगतो. कागद, छपाई, बांधणी आणि लेखकाचं मानधन मिळून एका प्रतीला खर्च शंभर. किंमत तीनशे ठेवली की तुमच्यासारख्या दुकानदारांना पंचवीस टक्के कमिशन देऊन माझ्या हातात दोनशे पंचवीस यायचे. सगळे सुखी होते. मग मोठं दुकान आलं. त्यांना पंचावन्न टक्के हवेत. तीनशेतून पंचावन्न टक्के गेले की माझ्या हातात एकशे पस्तीस. खर्च जाऊन पस्तीस उरले. त्यात कार्यालयाचं भाडं, गोदाम, मी आणि तुमच्या दुसऱ्या विहीणबाई, म्हणजे माझी बायको. पस्तिसात त्यांचं एकट्यांचंही माप बसत नाही.

म्हणून किंमत चारशे ऐंशी. आता पंचावन्न टक्के कापून घ्या, माझ्या हातात दोनशे सोळा येतात. म्हणजे होतो तिथेच आहे, उलट नऊ कमीच. किंमत आधी वाढवायची ती कापण्यासाठीच. केस वाढल्याशिवाय कुणी न्हाव्याकडे जातं का? मोठं दुकान चाळीस टक्के सूट लावतं, गिऱ्हाइकाला वाटतं एकशे ब्याण्णव वाचले, तो आनंदात, ते आनंदात, मी जिवंत. चारशे ऐंशी खरोखर मोजणारा माणूस या जगात उरला नाही असा माझा समज होता. तुमच्या दुकानात अजून असे लोक येत असतील, तर त्यांना जपा.

तुम्हालाही पंचावन्न देता येणार नाहीत. मोठ्या दुकानाच्या करारात कलम आहे, त्यांच्याइतकं कमिशन दुसऱ्या कुणाला दिलं तर त्यांना आणखी पाच द्यायचे. पण नात्याला जागून तुम्हाला तीस टक्के करतो. प्रत तीनशे छत्तीसला पडेल. न विकलेली तीन महिन्यांत परत करा, पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात जमा होईल. यापेक्षा जास्त सख्ख्या भावाला दिलं नसतं.

आणि माझ्या लेकीच्या, मुंगीच्या गळ्यात पाच वर्षांचा करार? विहीणबाई, मी तिला एवढं शिकवलं ते ओल्या पँटच्या लोकांना चष्मे पुरवायला नव्हे. दुकान बंद करा. तिला एखादी बरी नोकरी मिळेल. रागावू नका, हिताचं सांगतोय.

आपला व्याही

&nbsp;

दुकानातून,
२४ जानेवारी

व्याहीबुवांना नमस्कार.

रागावते कशाला? पाच टक्के वाढवून मिळाले म्हणून मी आणि सून दोघी भारावून गेलोय. सुनेनं लगेच वहीत लिहून ठेवलं. मोठं दुकान विकतं दोनशे अठ्ठ्याऐंशीला, आपण घेतो तीनशे छत्तीसला, बाबांचा आशीर्वाद वेगळा.

साठ प्रती पाठवा. दचकू नका, साठच म्हटलं. पैसे सोबत आहेत. तीन महिन्यांत परत घेण्याचं जे लिहिलंत, ते तसंच आहे ना? मला हे जरा एका ओळीत, सही-शिक्क्यानिशी हवं. म्हातारपणी विसरायला होतं. माझं नाही, तुमचं म्हणतेय.

आपली भारावलेली विहीण

&nbsp;

कार्यालयातून,
१० मार्च

विहीणबाईंस नमस्कार.

साठ प्रती आणि सही-शिक्क्याचा कागद तुम्हाला केव्हाच मिळाला असेल. पोच नाही, म्हणजे विक्रीत दंग असाल.

इकडे आनंदीआनंद आहे. नळदुरुस्तीच्या पुस्तकाला मोठ्या दुकानात अचानक मागणी चढलीय. आलेख असा वर गेलाय की त्यांच्या माणसानं मला आपण होऊन फोन केला. आजवर मीच करत होतो. म्हणाला, तुमच्या त्या शहरातूनच विशेष मागणी आहे. म्हणजे तुमच्या गावात नळ फारच गळतात, आणि तुम्हाला मात्र गिऱ्हाईक मिळत नाही! दोष किमतीचा नसतो विहीणबाई, दुकानात बसणाऱ्याचा असतो.

मागणी बघून मी तीन हजारांची आवृत्ती छापायला टाकली. लेखक परवा कार्यालयात आले होते. त्यांना ही बातमी दिली तर त्या निवृत्त प्लंबरनं आनंदाच्या भरात आमच्या मोरीचा नळ फुकट बसवून दिला.

मुंगी हल्ली तिच्या आईशीसुद्धा तीनच मिनिटं बोलते म्हणे. कामात आहे म्हणते. तिला एवढं राबवू नका.

आपला व्याही

&nbsp;

कार्यालयातून,
१८ एप्रिल

विहीणबाई,

तुमची परत आलेली खोकी काल उघडली. आमच्या गोदामातल्या काकांनी तीनदा मोजलं, मग मी मोजलं, मग चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

मी तुम्हाला साठ प्रती पाठवल्या. परत आल्या एकशे चाळीस.

या धंद्यात माझी हयात गेली. पुस्तकांना वाळवी लागलेली पाहिली, बुरशी लागलेली पाहिली. पुस्तकं बाळंत झालेली पाहिली नव्हती. एकशे चाळीस प्रतींचे, प्रत्येकी तीनशे छत्तीसप्रमाणे, पैसे तुमच्या खात्यात जमा करावेत असं वर तुमच्या पावतीवर लिहिलंय. अक्षर ठसठशीत आहे.

एका प्रतीत एक गुलाबी चिठ्ठी सापडली. "खरेदीबद्दल धन्यवाद! पुन्हा अवश्य भेट द्या." खाली मोठ्या दुकानाचा छाप.

मी काय समजायचं ते समजलोय. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय.

व्याही

&nbsp;

दुकानातून,
२५ एप्रिल

व्याहीबुवा, नमस्कार.

हात्तिच्या, चिठ्ठी राहिली का! बाकी सगळ्या काढल्या होत्या हो.

तुम्हीच शिकवलंत, मी फक्त अभ्यास केला. मोठ्या दुकानात पुस्तक दोनशे अठ्ठ्याऐंशीला मिळतं. तुमच्याकडे परत केलं की तीनशे छत्तीस जमा होतात. मधले अठ्ठेचाळीस माझे. ना गिऱ्हाईक, ना घासाघीस, ना कुणाला चष्मा द्यायचा. ते एका पत्त्याला दहाच प्रती देतात, म्हणून आमच्या इमारतीतले सगळे शेजारी कामाला लावले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना तर वाटतंय आपण लेखक आहोत, इतकी पुस्तकं त्यांच्या नावानं आली.

तुमच्या साठांतल्या चौदा मी रीतसर विकल्या. चौदा भली माणसं, चारशे ऐंशी मोजून गेली. त्यातून सुटले दोन हजार सोळा. विकत आणून तुम्हाला परत केल्या चौऱ्याण्णव. त्यातून सुटले चार हजार पाचशे बारा. एकतीस वर्षं मी उगाच लोकांना पुस्तकं विकत बसले. खरं गिऱ्हाईक तुम्ही होतात.

आणि तो आलेख! विशेष मागणी असलेलं ते शहर म्हणजे आमची इमारत. तुम्ही तीन हजारांची आवृत्ती छापायला टाकलीत हे वाचलं तेव्हा मात्र माझं हसू पळालं. ते मला नको होतं. पण तुम्ही मला विचारलं कुठे? आलेखाला विचारलंत.

तुमच्या सही-शिक्क्याच्या कागदात पुस्तक कुठून आणलेलं असावं, यावर एक अक्षर नाही. शहरात आमच्याखेरीज आणखी नऊ पुस्तकांची दुकानं आहेत. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. ही धमकी नाही, माहिती आहे.

३१ मेला महिनाभर राहिलाय. सुनेनं सही करायची की नाही, ते अजून ठरत नाहीये. तुमच्याकडून शहाणपण आलं, सूट आली, किंमत काही आली नाही.

विहीण

&nbsp;

कार्यालयातून,
२ मे

विहीणबाई,

याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात. तुमच्याकडे अभ्यास म्हणत असतील.

आजपासून तुमच्या दुकानाला एक प्रत मिळणार नाही. चौऱ्याण्णव प्रतींचे पैसे सही-शिक्क्याला जागून जमा केलेत, यापुढे एक पैसा मिळणार नाही, कुठे जायचं तिथे जा. तीन हजार प्रती बांधून गोदामात येऊन पडल्यात आणि त्यातल्या एका तरी प्रतीला खरा वाचक आहे का, हे मला सांगता येत नाही. रोज सकाळी मी तो ढीग पुन्हा मोजतो. तुम्ही हसा.

एकच विनंती. मुंगीला यातलं काही कळू देऊ नका. ती सरळ घरात वाढलीय. आपली सासू असले उद्योग करते हे कळलं तर तिला मान वर करायला जागा उरणार नाही. त्या दुकानाच्या करारावर तर तिनं मुळीच सही करायची नाही. असल्या दुकानाच्या पायरीवर तिनं उभं राहू नये असं मला वाटतं.

व्याही

&nbsp;

दुकानातून,
९ मे

बाबा,

आईंनी तुमचं पत्र जेवायच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तुझं आहे. पत्ता तेवढा माझा पडलाय."

त्या गोष्टीची कल्पना माझी होती. आई आधी नको म्हणत होत्या. वहीत दोन आकडे शेजारी शेजारी मी लिहिले, शेजाऱ्यांकडे मी गेले, खोकी मी बांधली. पावतीवरचं अक्षरही माझंच आहे. तुम्हाला माझं अक्षर ओळखू आलं नाही, याचंच मला जास्त लागलं. पत्रांतले टोमणे तेवढे आईंचे स्वतःचे.

पहिल्या दहा प्रती आल्या तेव्हा आम्ही दोघी खो खो हसलो. पन्नासाव्यापर्यंत हसू संपलं. शेवटचं खोकं बांधताना मी रडले, बाबा. आपण काय करतोय हे कळत होतं. आमचं दुकान पुस्तकं विकून चालत नव्हतं, माझ्या बापाला परत करून चालत होतं. ते चार हजार पाचशे बारा सोबत पाठवलेत. मला नकोत.

पण म्हणून तुम्ही बरोबर ठरत नाही. मी लहान असल्यापासून तुम्ही घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात, पुस्तकाची किंमत म्हणजे आमचा शब्द. मग चारशे ऐंशी हा कुणाला दिलेला शब्द आहे? तुम्हाला ते मिळत नाहीत, मोठं दुकान घेत नाही, गिऱ्हाईक देत नाही. फक्त आमच्या फळीवर पुस्तकाच्या पाठीवर तो आकडा बसलेला असतो, आणि तो बघून लोक आम्हाला लुटारू समजतात.

मला पंचावन्न टक्के नकोत. पुस्तकावर तीनशे छापा. आम्हाला तीस, त्यांनाही तीस, बाकीच्या नऊ दुकानांनाही तीसच. आणि तीनशेच्या खाली कुणीच विकायचं नाही. मग मला दुकान चालवता येतं की नाही ते माझं मी बघेन. त्यात हरले तर कुणाला बोल लावणार नाही.

तुम्ही नाही म्हणालात तर ३१ला मी सही करणार नाही. रुसून नव्हे. पाच वर्षांचं भाडं असल्या उद्योगांतून भरायची माझी तयारी नाही, म्हणून. मला हे दुकान फार हवंय, बाबा. ते कसंही करून नकोय.

तुमची मुंगी

&nbsp;

घरून,
२४ मे

विहीणबाईंस, आणि त्यांच्या खांद्यावरून वाचणाऱ्या मुंगीस,

कार्यालयात रंगकाम काढलंय, म्हणून घरून लिहितोय.

मुंगीच्या पत्रानंतर चार दिवस मी ताटावरून अर्धं जेवून उठत होतो. तुमच्या दुसऱ्या विहीणबाईंना वाटलं, दाढ दुखतेय. पाचव्या दिवशी उठलो आणि मोठ्या दुकानाच्या कचेरीत गेलो.

काचेची खोली होती. सगळ्यांना सगळे दिसतात आणि कुणी कुणाकडे बघत नाही. मला पाण्याची बाटली दिली, तिचं झाकण काही केल्या उघडेना. समोर जेमतेम तिशीचा एक साहेब. तो पुस्तकाला पुस्तक म्हणत नाही, "युनिट" म्हणतो. मला विचारलं, "तुमच्या युनिटचा विषय काय?" मी म्हटलं, गळती. तो म्हणाला, "व्वा, चालणारा विषय आहे."

मी मुंगीचंच बोलणं त्याच्यापुढे ठेवलं. छापील तीनशे, सगळ्यांना तीस टक्के, खाली कुणी विकायचं नाही. माझ्या तोंडून ते ऐकताना मलाच नवं वाटत होतं. तो हसला असता तरी बरं वाटलं असतं. तो टाइप करत राहिला. मग म्हणाला, "सर, सूट दिसली नाही तर गिऱ्हाइकाचं बोट थांबत नाही. उलट आम्ही पुढच्या वर्षी तुम्हाला साठ टक्के सुचवणार होतो." मी विचारलं, साठ टक्क्यांना किंमत किती ठेवू? म्हणाला, "ती तुम्ही हवी तेवढी ठेवा, सर. किमतीबद्दल आमचं काही म्हणणं नाही."

विहीणबाई, हे वाक्य ऐकायला मी एवढी वर्षं धंदा केला.

मी उठलो. नमस्कार केला, तो त्याला दिसला नाही. बस स्टॉपवर पोचेपर्यंत घरून फोन आला की मोठ्या दुकानात आपलं पुस्तक "उपलब्ध नाही" असं दिसतंय. माझी निम्म्याहून जास्त विक्री त्यांच्याकडून होती. ती मिळवायला मला सहा वर्षं लागली होती. जायला बस यायच्या आतलाच वेळ पुरला.

तीन हजार प्रतींवर तीनशेच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम चालू आहे. काका, तुमच्या दुसऱ्या विहीणबाई आणि मी. तिरकी चिकटवलेली दिसली तर ती माझी समजा. तीस टक्के सगळ्यांना, तुमच्या शहरातल्या त्या नऊ दुकानांनाही तसं कळवलंय. चार हजार पाचशे बारा परत पाठवतोय. मला ते घेववत नाहीत. माझ्या मूर्खपणाची शिकवणी म्हणून ठेवून घ्या, फी रास्त होती. आणि तुम्हाला नको नको ते लिहिलं, त्याबद्दल मला माफ करा. दुकानाच्या पायरीबद्दलचं तर मुद्दाम परत घेतो.

आता सहीचं. प्रकाशक म्हणून विचाराल तर मुंगीनं डोळे मिटून सही करावी, आता मला तिच्यासारख्या दुकानांशिवाय कुणी नाही. बाप म्हणून विचाराल तर करू नये. तिनं दोघांपैकी बापाचं ऐकावं. प्रकाशकाचं ऐकून आजवर कुणाचं भलं झालेलं मला माहीत नाही.

आपला व्याही

&nbsp;

दुकानातून,
३ जून

व्याहीबुवांना विहीणबाईंचा मनापासून नमस्कार. यावेळी खरंच मनापासून आहे, उगाच दुसरा अर्थ शोधत बसू नका.

तुमच्या पहिल्या पन्नास प्रती २९ला आल्या. सुनेनं त्या दर्शनी फळीवर मांडल्या. त्या दिवशी सात जणांनी पुस्तक हातात घेतलं. सातही जणांनी विचारलं, "सूट किती?" सून म्हणाली, "सूट नाही, किंमतच कमी केलीय." पाच जण पुस्तक होतं तिथे ठेवून गेले. त्यातली एक बाई मला म्हणाली, चारशे ऐंशीचं असतं तेव्हा परवडतं हो, हे तीनशेचं महाग पडतं. अशी हुशार गिऱ्हाइकं आपण एवढी वर्षं खपून तयार केलीत, तुम्ही तिकडून आणि मी इकडून.

दोघांनी घेतलं. तीनशे दिले, पिशवी मागितली नाही.

मी सुनेला म्हटलं, बघ बाई. दिवसाला दोन. बापानंही नको लिहिलंय. तिनं तुमचं पत्र पुन्हा वाचलं. म्हणाली, "बाबांनी जन्मात पहिल्यांदा घाट्याचा सौदा केलाय, आई. आता मी मागे फिरू?" ३१ला मालकाच्या समोर बसली आणि पाच वर्षांच्या करारावर सही केली. माझ्या लेकानं साक्षीदार म्हणून केली. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

आता एक तुमच्या-माझ्यातलं. हे तिला वाचायला दिलेलं नाही.

व्याही, घरचं फोनवर बोलायचं असा नियम आहे, तो मी पाळला. दुसऱ्या विहीणबाईंना फोन केला आणि कार्यालयाला कुठला रंग लावताय ते विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. कार्यालय तुम्ही सोडलंत. टेबलं-खुर्च्या विकल्या, किल्ल्या मालकाला दिल्या. गोदामही अर्धंच ठेवलंय. पुस्तकं बैठकीत आहेत, जिन्यात आहेत, आणि सगळ्यात जास्त सुनेच्या जुन्या खोलीत, पलंगावर छतापर्यंत. तुम्ही दोघं मधल्या वाटेनं अंग चोरून चालता. तिनं सही केली तेव्हा तिला वाटत होतं, पाच वर्षांची जोखीम तिच्या एकटीची आहे. तिला मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं, आणि रंगकाम वगैरे न घालता सांगायचं.

मी तुम्हाला इतकं टोचून बोलले, तुम्ही माझ्यावर फसवणुकीचा आळ घेतलात, ते सगळं फिटलं असं समजते.

दोनशे प्रती पाठवा. तीस टक्के कमिशन, पैसे आगाऊ सोबत जोडलेत, परत एकही करणार नाही. माझ्या शेजाऱ्यांना मी धरून आणीन, त्यांना आता नळाची गोडी लागलीय. फक्त गोदामातल्या पाठवू नका, पलंगावरच्या आधी पाठवा. सून पुढच्या महिन्यात चार दिवस माहेरी यायचं म्हणतेय, तिला झोपायला जागा लागेल.

तुमची विहीण